रझांची चित्रं बघण्याआधी एकदा रात्री शेतात जाऊन या

प्रश्न : ताई, डिसेंबरात आम्ही पोरांना घेऊन आर्वीजवळच्या आमच्या गावी येतोय. परतताना मामाजी आणि सासूबाईही सोबत येणार. इकडे तेव्हा सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचं प्रदर्शन असेल, सगळ्यांनी जायचं ठरवलंय. मी एक चित्र मोबाइलवर पाठवलं तर मामाजी म्हणाले, ‘ह्या काया गोलात पाह्याचं काय बाप्पा?’ पोरंही कंटाळतील अशी धास्ती आहे. आधी काय वाचून दाखवू?

उत्तर : वाचून दाखवायची घाई नको. त्या काळ्या गोलाला रझा ‘बिंदू’ म्हणत; पण ‘बिंदू म्हणजे विश्वाचं बीज’ हे वाक्य तर घरातून निघेपर्यंत कुणी उच्चारूच नका. पोरांना अर्थ आधी कळला की ती चित्र बघत नाहीत, अर्थ सापडला की पुढच्या खोलीत पळतात. त्यापेक्षा माणूस सांगा.

आणि तो मामाजींपासून सांगायला लागा. रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. मंडला आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा मंडला काय नि तुमच्या आर्वीचा वर्धा जिल्हा काय, एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर. म्हणून चित्रकला शिकायला हा मुलगा १९३९ मध्ये नागपूरला आला; पुढे मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आणि १९५० मध्ये पॅरिस. ‘आपल्या नागपुरात शिकलेला’ एवढं कळलं की मामाजींचा अर्धा विरोध तिथेच मावळेल. आमच्याकडे माणूस नागपूरचा निघाला की त्याची सोयरीक शोधल्याशिवाय कुणी उठत नाही.

पोरांसाठी मात्र गोष्ट नको, अंधार हवा. लहानपणी रात्रीच्या जंगलाची भीती वाटायची आणि उजाडून बाजाराची वर्दळ दिसली की जीवात जीव यायचा, असं रझांनी सांगून ठेवलंय. तुमच्या गावी डिसेंबरात गहू-हरभऱ्याचं ओलित चालू असतं आणि लाइन पुष्कळदा रात्रीचीच मिळते. मामाजी मोटर चालू करायला निघाले की पोरांना सोबत पाठवा. बूट घालूनच, आणि मामाजींच्या मागे. रानडुकराचा भरवसा नाही. धुऱ्यावर उभं राहून पाचेक मिनिटं टॉर्च बंद ठेवा. डोळे सरावले की काळं एकसारखं नसतं हे पोरांना आपोआप दिसेल: तुरीच्या ओळींचं काळं वेगळं, आभाळाचं वेगळं, विहिरीचं तर फारच वेगळं. चित्रातल्या काळ्या गोलापुढे ती आपसूक थांबतील.

शाळेतल्या गुरुजींची आठवण प्रदर्शनात, बिंदूसमोर उभं राहूनच सांगा. हैदरचं वर्गात लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. हा ठिपका चित्रांत खऱ्या अर्थाने उतरला तो सत्तरच्या दशकात, पन्नाशीच्या आसपास. त्याआधी त्यांनी भरपूर घरं, गल्ल्या, गावं रंगवली. ती मांडली असतील तर तिथूनच सुरुवात करा. घर काढता येणाऱ्या माणसाने गोल का काढला, हा प्रश्न पोरं स्वतःच विचारतील.

(चित्रकार वासुदेव गायतोंडे तर जन्मानेच नागपूरचे, १९२४ चे. पण त्यांच्या चित्रांत गोलही हाती लागत नाही. पोरं मोठी झाली की बघा.)

‘माँ’ हे १९८१ चं चित्र तिथे असेल तर चुकवू नका. रझांनी त्यावर हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेतली एक ओळ देवनागरीत लिहिलीय: परत येईन तेव्हा काय आणू, असं मुलगा आईला विचारतो. तुमच्या पोरांना देवनागरी अडखळत येत असेल, तर ती ओळ मामाजींनाच मोठ्याने वाचू द्या. रझा फ्रान्समध्ये साठ वर्षं राहून परतले, २०१६ मध्ये दिल्लीत वारले आणि मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं, हेही तिथेच सांगा.

सगळ्या खोल्या बघायचा अट्टहास नको, चार-पाच चित्रं पुरे. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन बसायला बाक आहेत का, चाकाची खुर्ची मिळते का, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा.