वाचकांचे प्रश्न : जुन्या नेटवर्कसाठी कोणती कोअ‍ॅक्सियल केबल घ्यावी?

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या कार्यालयात मोजमाप यंत्राला जोडलेला एक जुना संगणक असून तो इतर तीन संगणकांशी काळ्या गोल केबलने जोडलेला आहे. गवंडीकामात ही केबल तुटली. सीसीटीव्हीची केबल तशीच असते आणि प्लगही तोच बसतो, असे दुकानदार म्हणतात. ती टाकावी का? की सगळेच नेटवर्क बदलावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सीसीटीव्हीची केबल कृपया टाकू नये. आपले नेटवर्क वर्णनावरून १९८०च्या दशकात रूढ झालेल्या ‘टेन बेस टू’ या पद्धतीचे, म्हणजे सर्व संगणक एकाच कोअ‍ॅक्सियल केबलवर (मधली तार आणि भोवती जाळी असलेली केबल) ओळीने जोडणारे, दिसते आणि तिला ५० ओहम इम्पीडन्सची आरजी-५८ केबल लागते. सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी आरजी-५९, टीव्हीची आरजी-६ आणि कॅमेऱ्याला वीज पुरवणाऱ्या तारांसह येणारी ‘थ्री प्लस वन’ या साऱ्या ७५ ओहमच्या कुळातल्या आहेत. बीएनसी प्लग (फिरवून अडकवायचा गोल प्लग) दोन्हींवर चढतो, हे दुकानदारांचे म्हणणे खरे आहे. पण प्लग बसला म्हणून केबल जुळली असे होत नाही.

इम्पीडन्स म्हणजे केबलमधून धावणाऱ्या संदेशाला जाणवणारा रोध, मल्टिमीटरने मोजता येणारा तारेचा साधा रोध नव्हे. मधली तार आणि बाहेरची जाळी यांची जाडी, त्यांच्यातील अंतर आणि मधले प्लास्टिक यांवरून तो ठरतो, त्यामुळे केबल लांब असो वा आखूड, तो तेवढाच राहतो. ५० ओहमच्या केबलमधून येणारा संदेश ७५ ओहमच्या तुकड्यापाशी पोहोचला की त्याच्या व्होल्टेजचा पाचवा हिस्सा उलट फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. छोट्या तुकड्यावर काम चालल्यासारखे वाटते, पण फायली मध्येच अडकू लागतात, आणि असा अधूनमधून दिसणारा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. त्याहून वाईट म्हणजे टोकांना ७५ ओहमचे टर्मिनेटर (संदेश परतू नये म्हणून केबलच्या टोकाला बसवायचे रोध असलेले टोपण) लावणे. या पद्धतीत दोन संगणक एकाच वेळी बोलू लागले, हे केबलवरील व्होल्टेज वाढल्यावरून संगणकातील नेटवर्क कार्डाला कळते. चुकीच्या टर्मिनेटरमुळे ते एरवीही वाढलेले राहते आणि कार्ड टक्कर झाल्याचे समजून थांबू शकते.

केबलच्या आवरणावर आरजी-५८ ए/यू किंवा सी/यू अशी अक्षरे छापलेली पाहूनच ती घ्यावी. ही केबल वायरलेस अँटेनासाठीही वापरली जात असल्याने पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यासाठी विचारपूस करावी. ती सुमारे ५ मिलिमीटर जाडीची असते आणि आरजी-५९ सुमारे ६ मिलिमीटरची, म्हणून क्रिंप करायचे (दाबून बसवायचे) प्लगही आरजी-५८चेच मागावेत.

एका सलग टप्प्याची लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० संगणक आणि दोन जोडांमध्ये किमान अर्धा मीटर, या मर्यादा आपल्याला अडचणीच्या ठरणार नाहीत. मात्र ‘टी’ (दोन्ही बाजूंच्या केबल कार्डाला जोडणारा टी आकाराचा जोड) थेट कार्डावरच बसवावा. ‘टी’पासून कार्डापर्यंत वेगळी केबल ओढण्याची सोय अनेकजण करतात, आणि तिथेही संदेश परततो. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर हवेत आणि अर्थिंग एकाच टोकाला. केबल दुसऱ्या इमारतीत नेऊ नये, कारण दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकाने आणि विजेच्या कडकडाटात कार्डे जळतात. तिथे ऑप्टिकल फायबरच योग्य.

जोडणी झाल्यावर सर्व संगणक बंद ठेवून एका कार्डावरचा ‘टी’ काढावा आणि त्याची मधली पिन व बाहेरचे धातूचे अंग यांच्यामधील रोध मोजावा. तो २५ ओहमच्या थोडा वर आला तर दोन्ही टर्मिनेटर आणि केबल सलग आहेत. ५०च्या आसपास आला तर एका बाजूचा टर्मिनेटर निसटला आहे किंवा केबल तुटली आहे.

सगळे नेटवर्क बदलण्याविषयी माझे मत असे, की यंत्राच्या संगणकाला हात लावू नये, कारण त्याच्या जुन्या कार्डाची व सॉफ्टवेअरची जोडी पुन्हा जमवणे केबलपेक्षा कितीतरी महाग पडेल. बाकीचे संगणक कॅट-६ या आजच्या नेटवर्क केबलने स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणावेत आणि बीएनसी व आरजे-४५ (कॅट-६ केबलचा प्लग) हे दोन्ही पोर्ट असलेला १० मेगाबिटचा जुना हब (स्विचसारखीच जुनी, साधी पेटी) स्विच आणि यंत्राचा संगणक यांच्या मध्ये ठेवावा. स्विच १० मेगाबिटला चालतो याची खात्री करावी आणि हबला जोडलेल्या त्याच्या पोर्टवर फुल डुप्लेक्स (एकाच वेळी संदेश पाठवणे व घेणे) सक्तीने लावू नये, कारण हब हाफ डुप्लेक्सवरच (एका वेळी एकच) चालतो. मग कोअ‍ॅक्सियल केबल फक्त हबपासून यंत्रापर्यंतच लागेल. तिच्याही दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावावेत.