आजीला आणि नातवाला घेऊन क्रूझवर जाताना

प्रश्न : आम्ही ठाण्याचे सहा जणांचे कुटुंब मुंबईहून क्रूझवर जाण्याचा विचार करीत आहोत. सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. त्या मूळच्या रेवदंड्याच्या, त्यामुळे बुडालेल्या रामदास बोटीच्या हकिकती ऐकतच मोठ्या झाल्या आणि आजही बोटीचे नाव काढले की घाबरतात. धाकटा मुलगा ४ वर्षांचा आहे आणि त्याला गाडी लागते. गोव्याची सहल घ्यावी की लक्षद्वीपची? महिना आणि केबिन कोणती निवडावी?

उत्तर : या खेपेस गोव्याचीच सहल घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. लक्षद्वीपचे पाणी अधिक सुंदर आहे हे खरे. परंतु तेथील बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि आत उथळ पाणी असल्यामुळे मोठे जहाज बाहेरच्या खोल समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. वरखाली होणाऱ्या त्या होडीत पाय टाकणे दुखऱ्या गुडघ्यांना फार जड जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणेच रद्द होते. मग सासूबाई जहाजावर एकट्या राहणार किंवा घरातील कोणीतरी त्यांच्यासाठी मागे थांबणार, आणि सहल सगळ्यांची राहणार नाही. गोव्यात मात्र जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते, त्यामुळे जिन्याच्या पुलावरून थेट जमिनीवर येता येते. चाकाची खुर्ची लागणार असल्यास तसे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे.

सासूबाईंच्या भीतीला कृपया हसू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट ऐन पावसाळ्यात बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली आणि अलिबाग-रेवदंड्याच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. त्यांना वस्तुस्थिती शांतपणे सांगावी. मुंबईहून २०२१ पासून फिरणारे कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज सुमारे २११ मीटर लांबीचे आहे, आणि आपण ज्या महिन्यांत जाणार ते पावसाळ्याचे नाहीत. शिवाय इटलीच्या किनाऱ्याजवळ जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया या जहाजाचा अपघात होऊन ३२ माणसे दगावली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले असून आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच प्रवाशांची सुरक्षा कवायत घ्यावीच लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की कोणत्या ठिकाणी जमायचे, हे त्या कवायतीत कळते. अनेक प्रवासी ती कंटाळवाणी समजून टाळू पाहतात, हे आम्हाला अतिशय खटकते. आपण सासूबाईंना आणि मुलाला बरोबर घेऊन शेवटपर्यंत थांबावे, जीवरक्षक जाकिटे आणि होड्या त्यांना दाखवाव्यात. घाबरणाऱ्या माणसाला आश्वासनापेक्षा या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा आधार अधिक वाटतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या किनाऱ्याचा समुद्र बहुधा शांत असतो. मे महिन्याची सुट्टी मुलांना सोयीची असली, तरी महिना सरत येईल तसतशा लाटा वाढू लागतात; म्हणून नाताळची सुट्टी आम्ही अधिक पसंत करू.

केबिनच्या बाबतीत लोक बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजतात आणि मग सर्वांत वरच्या मजल्यावरची, जहाजाच्या टोकाकडची खोली पदरात पडते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात आणि ते जहाजाचे डाव्या-उजव्या बाजूंना डोलणे बरेच कमी करतात. परंतु जहाजाचे पुढचे आणि मागचे टोक वरखाली होणे त्यांना रोखता येत नाही, आणि उंचावर तर प्रत्येक हेलकावा मोठा होऊन जाणवतो. ज्या घरात कोणाला गाडी लागते, त्या घराने खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली घ्यावी. आपल्या मुलासाठी तेच योग्य आहे. लिफ्ट जवळ असेल तर सासूबाईंचेही चालणे वाचेल, फक्त खोली लिफ्टला अगदी चिकटून नसावी, कारण तेथे रात्री वर्दळीचा आवाज येतो.

बोट लागू नये म्हणून घ्यायचे औषध जहाज हलण्यापूर्वी घेतले तरच नीट उपयोगी पडते. मळमळ सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या ॲवोमिनमध्ये प्रोमेथाझिन असते, त्याने झोप येते आणि दोन वर्षांखालील बाळांना ते देत नाहीत. काचबिंदू असलेल्या किंवा इतर गोळ्या चालू असलेल्या वृद्धांनीही ते परस्पर घेऊ नये, तेव्हा दोघांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. मुलाला उपाशी ठेवू नये; भात किंवा कोरडी बिस्किटे असे हलके खाणे द्यावे आणि मोकळ्या डेकवर नेऊन दूर क्षितिजाकडे पाहायला लावावे. मोबाइलच्या पडद्याकडे पाहत बसल्यास मळमळ हमखास वाढते.

बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या खोलीपर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा एक जोड कपडे आणि सर्वांची मूळ ओळखपत्रे हातातील पिशवीतच असावीत.

प्रश्न : जहाजावर जैन जेवण मिळते का, आणि जाहिरातीतील रकमेत सगळे येते का? (नाशिक)

उत्तर : मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, पण आरक्षण करतानाच तशी नोंद करावी. रकमेत साधारणपणे खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बरेचसे करमणुकीचे कार्यक्रम येतात. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क, मद्य, वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या असतात, म्हणून सर्व धरून अंतिम आकडा लेखी मागावा. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोन विमान-मोडवर ठेवावा, कारण जहाजाच्या मोबाइल नेटवर्कवर दर फार चढे असतात. जेवणाआधी हात साबणानेच धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो.

प्रश्न : बहीण सिंगापूरला असते. तिच्याकडे राहून तेथून पेनांग-फुकेतची क्रूझ करावी असा बेत आहे. बरोबर येणाऱ्या सूनबाईंना पाचवा महिना चालू आहे. (पुणे)

उत्तर : जहाज सिंगापूरचे बंदर सोडते तेव्हा आपण त्या देशातून बाहेर पडता आणि परतल्यावर नव्याने प्रवेश करता, त्यामुळे एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा असल्याची खात्री करावी. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. मलेशिया आणि थायलंडचे प्रवेशनियम निघण्यापूर्वी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर पुन्हा पाहावेत.

सूनबाईंच्या बाबतीत मात्र आधी आठवडे मोजा. बहुतेक कंपन्या प्रवासाच्या कोणत्याही दिवशी गर्भधारणेचे २४ आठवडे भरत असतील तर जहाजावर घेत नाहीत, आणि मोजणी परतीच्या दिवसापर्यंत होते. पाचवा महिना त्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. जहाजावर दवाखाना असला तरी तेथे प्रसूतीची किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय नसते. डॉक्टरांचे आठवड्यांची नोंद असलेले प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच पैसे भरावेत, आणि ते सहज मिळत नसेल तर सर्वांनी बहिणीकडेच निवांत राहावे, क्रूझ पुढच्या वर्षी करावी.