पहिलाच अंक आणि क्रमांक १५?

प्रश्न : भाच्याच्या वाढदिवसाला स्पायडरमॅनची अगदी पहिली गोष्ट असलेल्या अंकाचं पुनर्मुद्रण आणलं. मुखपृष्ठावर १५ हा आकडा! भाचा विचारतो, "मामा, आधीचे १४ कुठे गेले?" दुकानदाराने मला गंडवलं का?
– एक मामा, सांगली

उत्तर : मामासाहेब, दुकानदार निर्दोष आहे. आधीचे १४ अंक निघाले होते, पण त्यांत स्पायडरमॅन औषधालाही सापडणार नाही.

मुखपृष्ठावर जून १९६१ची तारीख घेऊन हे चित्रकथांचं मासिक न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग अ‍ॅडव्हेंचर्स' या नावाने सुरू झालं. प्रत्येक अंकात सुट्या गोष्टी, राक्षस आणि भुताखेतांच्या. सोबत डॉक्टर ड्रूम. तिबेटात एका लामाला तपासायला गेलेला हा अमेरिकन डॉक्टर जादू शिकून परत येतो. 'फॅन्टॅस्टिक फोर' या गाजलेल्या वीरांच्या चौकडीच्याही आधीचा हा वीर, पण आज त्याला कुत्रं विचारत नाही.

सहा अंकांनंतर पाटी बदलली, 'अमेझिंग अ‍ॅडल्ट फँटसी'. आकडे मात्र पुढे ७, ८ असेच चालू राहिले. 'अ‍ॅडल्ट' वाचून भुवया उंचावू नका, आत तसलं काही नाही. संपादक-लेखक स्टॅन लीने रचलेल्या आणि स्टीव्ह डिटकोने काढलेल्या, शेवटी कलाटणी देणाऱ्या चार-पाच पानी गोष्टी. खरं सांगू? स्पायडरमॅनपेक्षा मला त्याच जास्त आवडतात. डिटकोची घामेजलेली, डोळे विस्फारलेली माणसं एकदा पाहिली की विसरता येत नाहीत.

पण खप नव्हता. मासिक बंद करायचं ठरत होतं, तेव्हा लीने त्यात आपला कोळीमाणूस घुसवला. मालक मार्टिन गुडमनला ती कल्पना मुळीच पसंत नव्हती, लोकांना कोळी या किड्याची किळस येते म्हणून, असं ली पुढे सांगत असे. (लीच्या आठवणींत मीठमसाला असतो, तेवढा वजा करा.) ऑगस्ट १९६२च्या १५व्या अंकावरून 'अ‍ॅडल्ट' गेलं आणि 'अमेझिंग फँटसी' उरलं. किंमत १२ सेंट. डिटकोने काढलेलं मुखपृष्ठ बाजूला ठेवून चित्रकार जॅक कर्बीकडून दुसरं करून घेतलं, त्याच्या पेन्सिलीच्या रेषांवर शाई मात्र डिटकोचीच.

गंमत म्हणजे याच अंकात, स्पायडरमॅन दर महिन्याला भेटेल, असं वाचकांना कळवलं होतं. आणि १६वा अंक निघालाच नाही! त्या काळी हे मासिक काढणाऱ्या कंपनीचं (म्हणजे आजच्या मार्व्हलचं) वितरण सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या प्रतिस्पर्धी डीसीच्या मालकांच्या हातात होतं, आणि महिन्याला मोजकीच मासिकं काढायची मुभा होती. नवं काही आणायचं तर जुनं काढावं लागे. पुढे खपाचे आकडे आले, सगळ्यांचे डोळे उघडले आणि मार्च १९६३च्या तारखेने स्पायडरमॅनचं स्वतंत्र मासिक निघालं, तेही क्रमांक १ पासून. म्हणजे त्याचा 'पहिला' अंक हा त्याचा दुसरा अवतार. 'अमेझिंग फँटसी'चा राहिलेला १६वा अंक थेट १९९५ साली आला, लेखक कर्ट ब्युसिक.

आता एक करा. स्पायडरमॅनची गोष्ट ११ पानांत संपते. पुढे एक घंटा वाजवणारा म्हातारा, ममीच्या पेटीत लपणारा एक चोर आणि मंगळावरचे पाहुणे, अशा तीन गोष्टी हव्यात. पूर्ण अंक म्हणून घेतलेल्या प्रतीत त्या नसतील, तर मात्र दुकानदाराशी खुशाल भांडा.