मध्येच ठेवता येईल असं

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा तू वही पुढे केलीस, मी ती वाचली आणि काही न बोलता चहा संपवला. तुझ्या आईला वाटलं, काका खूश झाले. खूश कसला! बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि हसलं-खोकलं तरी तुझ्या बरगडीत कळ येते हे दिसत होतं, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. कागदावर माणूस ओरडला तरी शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

तुझी यादी मला पाठ झालीय. जर्मन भाषेची पहिली परीक्षा. एक्सेलचा ऑनलाइन कोर्स. भरतकाम शिकायचं आणि इन्स्टाग्रामवर विकायचं. तीस पुस्तकं. रोज दोन पानं आजारपणाचे अनुभव, पुढे कंसात 'पुस्तक होऊ शकतं'. प्रत्येकासमोर तारीख, आणि सगळ्यात खाली लाल शाईनं 'गड्ड्याच्या आत', म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आत. एवढं करून वर मलाच विचारतेस, "काका, वेळ जायला अजून काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना."

हे हलकंफुलकं? हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून सोलापूरला आलीस ती अख्खी अभ्यासिका पाठीवर घेऊनच आलीस की काय? छातीतलं क्षयाचं पाणी काढून सहा आठवडे झालेत. संध्याकाळी अजून कणकण येते. अर्धा जिना चढलीस की कठड्याला धरून उभी राहतेस. या अंगाच्या जोरावर तू तारखा देतेस तरी कुणाला?

माझी अट एकच आहे. जे हातात घेशील ते मध्येच ठेवता आलं पाहिजे. टाका अर्धा असताना, ओळ अर्धी असताना, मोराची चोच काढायची राहिली असताना. ठेवलं, कुशीवर वळलं, झोपलं. चार दिवस नाही उचललं तरी ते बिघडता कामा नये, आणि तुझा जीवही त्यात अडकून राहता कामा नये. या कसोटीला उतरेल तो छंद धर, माझी ना नाही.

ही अट मी कुठून आणली तेही सांगतो, नाहीतर म्हणशील, म्हाताऱ्याचा हेका.

१९८४ साली मला हाच आजार झाला. तुझं पाणी फुफ्फुसाच्या आवरणात, माझी जखम थेट फुफ्फुसातच, पण घराणं एकच. वय सत्तावीस, लग्नाला दहा महिने. एका चादर कारखान्यात मी डिझाइनला होतो. डिझाइन म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकोन भरत जायचं. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. कागदाच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक पुठ्ठा पाडायचा, जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जाणार. मग ते पुठ्ठे माळेसारखे ओवून जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढवायचे. सोलापुरी चादरीवर मोर नाचतो तो आधी असा चौकोनांत नाचलेला असतो.

त्या वेळी औषध दीड वर्षाचं होतं, आणि सुरुवातीचे महिने दवाखान्यात जाऊन स्ट्रेप्टोमायसिन टोचून घ्यावं लागे. मला घरी बसवलं. मी काय करावं? मांडीवर पाट घेतला, त्यावर कागद ठोकला आणि सिद्धेश्वराचं देऊळ काढायला घेतलं. नुसतं देऊळ नव्हे, तलावासकट, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट, भिंतीवर टांगायची मोठी चादर. ठरवलं काय, तर 'गड्ड्याच्या आत'. यात्रेला येणाऱ्या लोकांनी दुकानात ती बघितली पाहिजे! तुझी लाल शाई बघून माझ्या पोटात का कालवलं, कळलं?

आमच्या धंद्यात चालू माग थांबवणं वाईट. थांबवून पुन्हा सुरू केला की कापडावर आडवी रेघ येते. जाणकार माणूस नुसतं बोट फिरवून सांगतो, इथं माग बंद पडला होता म्हणून. हे माझ्यात इतकं भिनलेलं, की हातातलं काम सोडून उठलो तर आपल्यालाही तशी रेघ पडेल असं वाटायचं. तुझी काकू दाराशी ताट घेऊन उभी राहायची. "अहो, काय करायलात? दोन घास खाऊन घ्या की." मी म्हणायचो, "थांब, एवढी कमान होऊ दे." कमान झाली की शिखर. शिखर झालं की पाण्यातलं उलटं शिखर. तीन महिने मी त्या पोरीला थांब, थांब म्हणत होतो आणि स्वतः एकदाही थांबलो नाही. भाकरी कडक व्हायची. तशीही आपल्याकडे ती कडक खातातच, असा विनोद मी तेव्हा केला होता. तिनं तो अजून माफ केलेला नाही.

पुढचं सांगायला आजही लाज वाटते. दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं, तोंडावर तजेला आला. मला वाटलं, झालो बरा. आधी एक खेप चुकवली, मग दोन, मग जाणंच सोडलं. घरी सांगायचो, जाऊन आलो. गड्ड्याच्या चार दिवस आधी शेवटचा चौकोन भरला. आणि गंमत बघ, पुठ्ठे पाडायला आणि विणायला आणखी महिना लागतो हे काय मला माहीत नव्हतं? रोजचा धंदा माझा! पण तापल्या डोक्याला हिशोब कुठला? चादर मागावरून उतरली तेव्हा गड्डा केव्हाच उठला होता. मालकानं दोनशे रुपये हातावर ठेवले. मार्चमध्ये थुंकीत रक्त आलं आणि सगळी औषधं पुन्हा पहिल्यापासून.

चादर मात्र सुंदर झाली होती. पाण्याचा निळा तर असा उतरला होता की... जाऊ दे. बघ, चाळीस वर्षं झाली, तरी सुटत नाही.

म्हणून तुझ्या गोळ्यांबद्दल एकदाच बोलतो. तुझं सहा महिन्यांत आटपतंय, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातली तीन. डिसेंबरात तुला एकदम बरं वाटेल. तिथेच फसगत असते. मी तेव्हापासून 'मध्येच ठेव' म्हणत आलो, पण गोळ्या तेवढ्या मध्येच ठेवायच्या नाहीत. लघवी केशरी होते म्हणून तू घाबरली होतीस असं आई म्हणाली. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, होऊ दे. आणि निक्षयचे, म्हणजे क्षयाच्या रोग्यांसाठीच्या सरकारी योजनेचे, महिन्याला हजार रुपये खात्यात येतायत का ते बघ. पूर्वी पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झालेत. ते खाण्यासाठी असतात. अंडी आण, शेंगदाणे आण. जर्मनच्या फीला वापरलेस तर बघ.

आता तुझी यादी घेऊ.

भरतकाम नको असं नाही, पण विकायचं म्हटलंस की गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक मध्येच ठेवू देत नाही. काकू म्हणते, त्यापेक्षा क्रोशा घे. दोन सुयांच्या विणकामात साठ-सत्तर टाके सुईवर लटकत असतात; झोप लागली, सुई निसटली, की गेलं सगळं. क्रोशाच्या सुईवर खांब, म्हणजे उभा टाका, घालून झाला की एकच टाका उरतो. तो जरा लांब ओढून ठेवायचा आणि डोळे मिटायचे. तिनं एक सुई आणि उरलेल्या लोकरीच्या गुंड्या दिल्यात. काय विणायचं ते विचारू नकोस. साखळी घाल, खांब घाल, कंटाळलीस की उसव. बोटांना मुंग्या यायला लागल्या तर मात्र सुईला दोष देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. आयसोनियाझिडनं तसं होतं आणि त्यावर साधी बी-सहाची गोळी असते.

आलेखाचे कागद मी पाठवतोय, रंगीत पेन्सिलींसकट. याच्यासारखं मध्येच ठेवता येणारं काम मला दुसरं सापडलेलं नाही. एक चौकोन भरला की थांबायला मुभा. पहिल्या कागदावर मी कोपऱ्यात नुसता मोराचा तुरा काढलाय, पुढे मोरच झाला पाहिजे असं नाही, त्याची कोंबडी झाली तरी चालेल. इथेही एक नजर ठेव. तुझ्या चार औषधांत एथॅम्ब्युटॉल आहे, ते क्वचित डोळ्यांवर जातं. लाल आणि हिरवी पेन्सिल ओळखताना घोळ व्हायला लागला, किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही.

जर्मन राहू दे. खालच्या मजल्यावरच्या अक्का तुझ्या आईशी दिवसभर तेलुगू-मराठीची मिसळ करून बोलत असतात, त्यांच्याकडून एकेक अक्षर गिरवून घे. या गावात तीन भाषा नळाला येतात तशा येतात आणि आपण त्या एकाच तोटीनं पितो. तेलुगूचा 'अ' म्हणजे सुरेख जिलबी आहे. एक जिलबी जमली की बास. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. तेलुगूची अक्षरं ओळखीची झाली की कानडीची निम्मीअर्धी आपोआप कळायला लागतात, ते वरकड.

तीस पुस्तकं कशाला? हिराचंद नेमचंद वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणवून घे. दहा पानांत गोष्ट संपते, आणि नाही आवडली तर तिसऱ्या पानावर सोडायची. सोडून दिल्याबद्दल कुणी नापास करत नाही.

रांगोळी अजिबात नको, वाकावं लागतं आणि भुकटी उडते. आईला शेंगा फोडून दे, टरफलं मोजू नकोस. मात्र चटणी कुटायला घेतली की दुसऱ्या खोलीत जा, त्या तिखटाची एक फक्की नाकात गेली तर तुझी बरगडी तुला माझी आठवण करून देईल.

मोबाईल मध्येच ठेवता येतो, असं तू म्हणणार. ठेवून दाखव.

आणि साडेपाचला गच्ची. जिना हळू चढ, मध्ये बस. सध्या भोरड्या आल्यात. पार मध्य आशियातून येतात आणि आपल्या ज्वारीवर हिवाळा काढतात. काळं डोकं, अंगाला फिका गुलाबी रंग. संध्याकाळी मुक्कामाला जाण्याआधी त्यांचा थवा आकाशात असा वळतो की चादर झटकल्यासारखी दिसते. क्षणात दाट, क्षणात विरळ. मोजायला जाऊ नकोस, फोटोही नको. मान दुखली की खाली ये. थवा तुझ्यासाठी थांबणार नाही, तूही त्याच्यासाठी थांबू नकोस.

त्या थव्याचा आलेख मी अकरा वर्षांपूर्वी सुरू केला. अजून निम्मादेखील नाही. आमची लेक आली की कपाटातून तो कागद काढून दाखवते, "बाबांचं एकतरी काम पूर्ण झालंय का?" हसते, नातवंडंही हसतात. हसू देत. माझा रक्तदाब नीट आहे, झोप नीट लागते, काकूनं हाक मारली की मी पेन्सिल जिथल्या तिथे टाकून उठतो. हे पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत कुठे लिहायचं ते तिनं सांगावं. आणि कागद काही पळून चाललेला नाही.

आता तूच मनात म्हणत असशील, काका, तुम्ही कॉम्प्युटरवरचं डिझाइनसुद्धा असंच मध्येच ठेवलंत. खरंय. कारखान्यात ते आलं तेव्हा मी आठ दिवस शिकलो आणि सोडून दिलं. माझ्या हाताखालची पोरं पुढे गेली. तिथे ही अट मी ढालीसारखी पुढे केली असेल, नाही म्हणत नाही. पण तेव्हा मी धडधाकट होतो. धडधाकट माणसानं काय करावं हा वेगळा विषय, आणि त्यावर सल्ला द्यायला मी लायक नाही. आजारी माणसानं काय करू नये, यातला मात्र माझ्याइतका जाणकार सात रस्त्यापासून बाळ्यापर्यंत मिळायचा नाही.

तू म्हणालीस, "माझे सहा महिने वाया चाललेत." ते ऐकून मला तुझी वही घेऊन फाडावीशी वाटली. वाया कसे? सहा महिने तुझं अंग आत एक काम करतंय, रोज, न थांबता. माग तिथे चालू आहे. तू वरून आणखी दुसरा लावू नकोस, एवढंच मागतोय. तुझ्या पुण्याच्या परीक्षेचं मी काही बोलणार नाही. ती दरवर्षी येते आणि तुला माझ्यापेक्षा जास्त कळते.

गड्ड्याच्या गर्दीत यंदा जायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग रडू नकोस. यात्रेतल्या लग्नाच्या अक्षता पडल्या की काकू तुझ्या वाट्याच्या घेऊन येईल. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज तुला पाठ आहेत, डोळे मिटलेस तरी दिसतील.

डब्यात शेंगांची पोळी आहे, अर्धी खाल्लीस तरी चालेल. कागद आणि पेन्सिली पिशवीत खाली आहेत, लोकर वर. रविवारी चारच्या सुमारास येतो. झोपली असलीस तर उठू नकोस. मी आईबरोबर चहा घेईन, अक्कांशी दोन शब्द तेलुगूत चुकीचे बोलेन आणि जाईन.

तुझा,
काका