वाचक विचारतात: फालाचं ताट

प्रश्न: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'माझ्या कुत्र्याला मीच खायला घालणार' असा हुकूम काढला होता म्हणे. एवढा कडकपणा कशाला? आमच्याकडेही आठ माणसं आणि एक कुत्रा आहे.

उत्तर: हुकूम खरा आहे. फाला हा स्कॉटिश टेरियर १९४० साली व्हाइट हाउसमध्ये आला आणि थोड्याच दिवसांत त्याचं पोट बिघडलं. कारण स्वयंपाकघरात सापडलं: जो तो त्याला घास भरवत होता! मग सकाळी साहेबांच्या न्याहारीच्या ट्रेवर येणारं हाड आणि संध्याकाळचं जेवण, एवढंच ठरलं.

या जातीचा मोठा कुत्रा जेमतेम ८ ते १० किलोंचा. आठ जणांचा एकेक तुकडा आपल्याला किरकोळ वाटतो, त्याच्यासाठी ते जादा जेवणच. तुपकट, तळलेलं खाऊन उलट्या-जुलाब होतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट तर विषारीच. शिजवलेलं हाडही नको. त्याच्या अणकुचीदार चिपा आतड्यात रुततात.

दिवसाचं खाणं सकाळीच वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा. ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातून द्यावं. डबा रिकामा, की खाणं बंद. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर नको. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. लागत नसतील, तर घरातल्या आजी-आजोबांची आधी चौकशी करा.