टाय झाला, मग जिंकलं कोण? ऑनलाइन गोल्फचे तुमचे प्रश्न

प्रश्न (कोथरूड): सोसायटीच्या ग्रुपमधे आम्ही दर रविवारी मोबाईलवर गोल्फ खेळतो. दोघांचे १८ होलमधे ६८ स्ट्रोक (फटके) झाले, म्हणजे टाय, तर ज्याने आधी राउंड संपवला तो विनर. चालेल ना?

नाही चालणार, हा नियम आधी काढा. आधी संपवला म्हणजे चांगला खेळला असं होत नाही, एकाला सकाळी सातला वेळ होता आणि दुसरा हडपसरहून ड्यूटी करून येऊन रात्री खेळला, एवढाच काय तो फरक. नेटचा स्पीड, फोन नवा की जुना, हे निकालात यायलाच नको. क्लबमधे काउंटबॅक लावतात, म्हणजे शेवटच्या ९ होलमधे ज्याचे स्ट्रोक कमी तो वर, तेही सारखे तर शेवटचे ६, मग ३, मग अठरावा होल. दोघं ६८ पण एकाचे शेवटचे नऊ ३३ आणि दुसऱ्याचे ३४, तर ३३ वाला जिंकला. हॅंडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी स्ट्रोकची सूट, धरत असाल तर त्यातला शेवटच्या नऊसाठी अर्धा, सहासाठी एक तृतीयांश आणि तीनसाठी एक षष्ठांश वजा करा.

प्रश्न (चिंचवड): पण मग मी पहिल्या नऊमधे भारी खेळलो त्याला किंमतच नाही का?

तुमचं म्हणणं मला पटतं. शेवटी टेन्शन जास्त असतं म्हणून तिथलं चांगलं खेळणं मोठं, असं म्हणतात, पण ऑनलाइनमधे समोरच्याचा स्कोअरच दिसत नसेल तर कसलं टेन्शन? २०१९ ची लॉर्ड्सची फायनल आठवा, मॅच टाय, सुपर ओव्हर टाय आणि इंग्लंड जिंकलं बाउंड्रीवर, २६ विरुद्ध १७. नियम आधीच ठरलेला होता तरी लोकांना पचला नाही आणि आयसीसीने त्याच वर्षी तो बदलला. म्हणून पहिल्या नंबरासाठी मी प्लेऑफच, म्हणजे टाय झालेल्यांनी पुन्हा खेळणं, सांगेन, खालच्या नंबरांना काउंटबॅक ठीक आहे. मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेत सडन डेथ असते, म्हणजे एकेक होल खेळायचा आणि जो आधी होल जिंकेल तो विजेता, गोल्फच्या यूएस ओपनमधे २०१८ पासून दोन होलची बेरीज, त्याआधी तर दुसऱ्या दिवशी अख्खे १८ होल परत खेळायचे, २००८ मधे टायगर वुड्स आणि रॉको मेडिएट त्यातही बरोबरीत राहिले आणि एकोणिसाव्या होलवर निकाल लागला. तुम्ही एवढं करू नका, एकच होल, पिनची (होलमधल्या झेंड्याची) जागा तीच, वारा तोच. गेम दरवेळी वारा बदलत असेल तर तोच होल दोघांनी तीन-तीनदा खेळा आणि बेरीज करा, नशिबाचा भाग कमी होतो. आणि हे सगळं पहिला टी शॉट, म्हणजे राउंडचा पहिला फटका, मारायच्या आधी ग्रुपवर लिहून टाका, टाय झाल्यावर ठरवलं तर कुणाला तरी आपल्यावर अन्याय झाला असं वाटणारच.

प्रश्न (सिंहगड रोड): दुसऱ्या नंबराला दोघं आले. बक्षीस १००० आणि तिसऱ्याला ६००. चिठ्ठी टाकू का?

चिठ्ठी कशाला, काउंटबॅक आधी ठरला नसेल तर दोन्ही बक्षिसं एकत्र करा, १६०० झाले, दोघांना ८००-८०० द्या. प्रो टूरवरही पैसे असेच वाटतात. त्यांच्यानंतर येणारा चौथा धरायचा, तिसरा नाही.