देवाची योजना हातून निसटली तर?

‘देवाने माझ्यासाठी काय ठरवलंय ते कळत नाही, आणि चुकीचं निवडलं तर?’ विश्वासी माणसांकडून हे इतक्यांदा ऐकते की आता समुपदेशनाच्या पहिल्याच बैठकीत विचारते, कळत नाही याचा त्रास होतोय की चुकण्याची भीती वाटतेय? बहुतेकांची गाठ भीतीशीच असते.

पुढची ‘ती’ एकटी नाही, अशा अनेकींची मिळून झालेली आहे. तिशीतली, हिशेबाच्या खात्यात नोकरी. नोकरी सोडून मंडळीच्या पूर्णवेळ सेवेत जावं की नाही, हे दोन वर्षं अडलेलं. रोज डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनात उत्तर शोधायचं. एकदा बोट वंशावळीवर पडलं, तेव्हा रडूच कोसळलं.

“गिदोनानेही चिन्ह मागितलंच ना, ताई?”

“मागितलं. पण पवित्र शास्त्रातला शास्ते 6 नीट वाच. चिन्हासाठी लोकर अंथरण्याआधीच देवाने त्याला ‘जा, इस्राएलाला सोडव’ म्हटलं होतं. इच्छा कळली होती, धीर होत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतलं, पण ती निर्णयाची रीत नव्हे.”

तिच्या मोबाइलच्या पडद्यावर यिर्मया 29:11 होतं, हिताचे संकल्प सांगणारं. मी अख्खा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, इ.स.पू. 597 च्या सुमारास बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची ग्वाही देतो. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा.

ती थांबली. “सत्तर वर्षं? मग ज्यांनी हे पत्र ऐकलं, त्यांतले बरेचसे परत गेलेच नसतील. त्यांच्यासाठी योजना काय होती?”

“तूच वाचलंस की.”

बराच वेळ ती पाचव्या ते सातव्या वचनांकडे, त्या घरं-मळ्यांकडे, बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी ज्याची वाट बघत बसले होते, ते सुरूच होतं?” या प्रश्नापर्यंत माणूस स्वतः पोचावा लागतो. सांगून तो उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता निर्णयाचं. देवाची बरीचशी इच्छा आधीच उघड लिहिलेली आहे : न्यायाने वाग, दया कर, नम्रपणे चाल (मीखा 6:8), पवित्र राहा, सर्व स्थितीत उपकार मान (1 थेस्सलनीकाकरांस 4:3 आणि 5:18). दोन्ही पर्याय त्यात बसत असतील तर निवड पाप आणि पुण्य यांतली नसते, आणि निम्मं ओझं तिथेच उतरतं. मग शहाणपण मागायचं (याकोब 1:5) आणि दोघातिघांचा सल्ला घ्यायचा. त्यांतला एक तरी ‘नको’ म्हणायला न कचरणारा हवा. फक्त होकार देणारे गोळा केले की सल्ला फुकट जातो. शक्य असेल तिथे आधी छोट्या प्रमाणात करून पाहावं. तिने तीन महिने शनिवार-रविवार सेवा केली. शिकवणं जमलं, घरोघरी भेटी देताना मात्र जीव थकला. बोटाने काढलेल्या वचनांतून हे कधीच कळलं नसतं. नोकरी ठेवून शिकवायचं, असं तिने ठरवलं.

ठरवण्यासाठी तारीख नेमावी. पण मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक, कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम मी सर्व पंथांच्या लोकांना सांगते.

आणि दार बंद झालं तर? प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये प्रेषित पौलाला आशियात (तेव्हाचा एक रोमी प्रांत) वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात जाऊ दिलं जात नाही, तो त्रोवसला येतो. तिथे मासेदोनियातला एक माणूस बोलावत असल्याचा दृष्टान्त होतो, तरी त्याचा अर्थ सोबत्यांनी मिळून काढला. चालत होता म्हणूनच तो वळवला गेला.

एक मात्र वेगळं ओळखावं. चिन्हं तपासणं थांबवताच येत नसेल, एकच प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, झोप उडाली असेल, तर पाळकांइतकीच मानसोपचारतज्ज्ञांचीही गरज आहे. अशांना मी आणखी वचनं देत नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.